फेरोशसली

पहिला फोन आला तेव्हा विनुता जेवणाचा डबा उघडत होती. नंबर ओळखीचा नव्हता.

"विनुता मॅडम का?" पलीकडून एक पुरुष तमिळमध्ये बोलत होता. आवाज शांत होता. "तुम्ही आमच्या कागदात एक शब्द लिहिलाय. फेरोशसली. तो चुकलाय. तेवढा बदलून टाका."

"कोण बोलतंय?"

"मणीचा भाऊ, गणेशकुमार," तो म्हणाला आणि त्यानं फोन ठेवला.

विनुतानं डब्याचं झाकण पुन्हा लावलं. मणी कोण हे तिला चांगलं ठाऊक होतं, कारण दोन आठवड्यांपूर्वी तिनंच त्याच्याविषयीच्या साक्षीचं तमिळमधून इंग्रजीत भाषांतर केलं होतं.

ती एकतीस वर्षांची होती. एम.ए. झाल्यापासून तंजावूरमध्ये सुब्रमण्यम नावाच्या गृहस्थांच्या भाषांतराच्या दुकानात काम करायची. खरेदीखतं, मृत्युपत्रं, साक्षी, जे येईल ते. प्रत्येक भाषांतराच्या शेवटी 'हे मुळाबरहुकूम आहे' असं लिहून तिची सही व्हायची, सहीखाली दुकानाचा शिक्का आणि शिक्क्याशेजारी तिचा फोन नंबर. गणेशकुमारला नंबर कुठून मिळाला हे कोडं नव्हतंच.

प्रकरण पापनाशमजवळच्या एका गावचं होतं. पाटाच्या पाण्यावरून दोन शेजाऱ्यांत जुनं भांडण होतं. जूनमध्ये एका सकाळी मणी फावडं घेऊन बांधावर गेला, तिथं शेजारच्या सेतुरामशी त्याची जुंपली, फावडं सेतुरामच्या डोक्यात बसलं आणि तिसऱ्या दिवशी सेतुराम वारला. लांबून हे पाहणारा एकच माणूस होता, रामस्वामी नावाचा म्हातारा शेतमजूर. त्याची साक्ष मॅजिस्ट्रेटसमोर हातानं लिहून घेतली होती. मणीनं मदुराईच्या कोर्टात जामीन मागितला, तेव्हा सेतुरामच्या बायकोनं, भुवनानं, त्याला विरोध करायला एक वकीलबाई नेमल्या. त्यांनीच ती साक्ष इंग्रजी करायला सुब्रमण्यमच्या दुकानात पाठवली होती.

साक्षीत एक वाक्य होतं. 'मणी हातात फावडं घेऊन आवेसमाक आला.' तमिळ आवेसम् म्हणजे आपला आवेशच. अंगात आल्यासारखा, चवताळून. विनुतानं फियर्सली, सॅव्हेजली असे दोन-तीन शब्द मनात फिरवून पाहिले आणि फेरोशसली लिहिलं. तिला तो शब्द चपखल वाटला होता. वकीलबाईंनाही वाटला असावा, कारण पहिल्या सुनावणीत त्यांनी त्या एका शब्दावर दहा मिनिटं युक्तिवाद केला. माणूस असा चवताळून आला म्हणजे मारायच्याच इराद्यानं आला, असं त्यांचं म्हणणं. पुढची सुनावणी येत्या सोमवारी होती.

दुसरा फोन बुधवारी आला. "मॅडम, बदललात का?" एवढंच. गुरुवारी सकाळी ती बसथांब्यावर उभी असताना रस्त्यापलीकडे मोटरसायकलवर एक माणूस बसलेला दिसला. जाड मिशी, पांढरा शर्ट, पांढरी लुंगीसारखी वेष्टी. तो काही करत नव्हता. तिच्याकडे पाहत होता. बस आली, ती चढली, आणि दुकानापाशी उतरली तेव्हा मोटरसायकल तिच्या आधीच तिथं पोचलेली होती.

पायऱ्या चढताना तिनं कठडा धरला. सुब्रमण्यमना तिनं सगळं सांगितलं. ते साठीचे, सावध गृहस्थ होते. त्यांनी चष्मा काढून पुसला.

"शब्द बदलू नका," ते म्हणाले. "आणि पोलिसांतही जाऊ नका. सोमवारपर्यंतचा प्रश्न आहे. एकदा ऑर्डर झाली की तुमच्यात कोणाला रस राहणार नाही."

"आणि सोमवारपर्यंत?"

"उद्या घरी थांबा. डोकं दुखतंय म्हणा."

पण शुक्रवारी ती घरी थांबली नाही, कारण घरी थांबलं तर अप्पांना कारण सांगावं लागलं असतं.

अप्पा म्हणजे तिचे वडील, वेंकटराव. राजवाड्यामागच्या एका गल्लीत पहिल्या मजल्यावर दोघंच राहायचे. आई जाऊन चार वर्षं झाली होती. अप्पांनी पस्तीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवलं होतं. घरात मराठी, तंजावूरची, पण तिला किंवा अप्पांना देवनागरी धड वाचता येत नव्हती. अप्पा मराठी लिहायचे ते तमिळ अक्षरांत. इंग्रजी शब्द मात्र त्यांचा जीव की प्राण. कोणी शब्दाचा अर्थ विचारला की ते त्याचं मूळ, जुना वापर, नवा वापर सगळं सांगितल्याशिवाय सोडत नसत.

शुक्रवारी दुपारी ती लवकर परतली. जिन्याच्या तळाशी अनोळखी चपला होत्या. मोठ्या, चामड्याच्या, कडांना वाळलेला चिखल. दार उघडंच होतं आणि आतून अप्पांचा आवाज येत होता, वर्गात यायचा तसा.

"फेरोशसली. फार जुना शब्द. मूळ लॅटिन. पहिला भाग म्हणजे रानटी, जंगली."

"आणि दुसरा, सर?"

तो फोनवरचाच आवाज होता.

विनुता शेवटच्या पायरीवर थांबली. तिला खाली पळून जावंसं वाटलं, आणि आत अप्पा होते. ती आत गेली. गणेशकुमार अप्पांसमोर खुर्चीत बसला होता. हातात कॉफीचा टंबळर होता. अप्पांच्या मांडीवर जाड डिक्शनरी उघडी होती.

"ये गे," अप्पा मराठीत म्हणाले. "हे पापनाशमहून आले आहेत. यांच्या भाच्याला शाळेत हा शब्द अडला म्हणे."

"अप्पा, तुम्ही उठा. आत चला," ती मराठीत, जमेल तितक्या साध्या आवाजात म्हणाली. "हा माणूस चांगला नव्हे."

अप्पांना डाव्या कानानं कमी ऐकू यायचं. "काय म्हणालीस? बस ना."

गणेशकुमार हसला. "ही कोणती भाषा, सर? इथल्या मराठा राजांची का? छान आहे." मग तो पुन्हा डिक्शनरीकडे वळला. "दुसरा भाग सांगत होता."

"हां. दुसऱ्या भागाचा संबंध डोळ्यांशी लावतात. पाहणं, दिसणं. म्हणजे ज्याच्या नजरेत रानटीपणा आहे तो. जनावर अंगावर यायच्या आधी डोळे वटारतं ना, ते. मग त्यावरून क्रूरपणानं, हिंस्रपणानं असा अर्थ झाला. नुसतं जोरात म्हणजे फेरोशसली नव्हे. वारा जोरात वाहतो, पण पाहणाऱ्याला त्यात चीड दिसली तर वारा फेरोशसली वाहतो. आता तरुण मुलं कौतुकानंही म्हणतात, अमकी फेरोशसली हुशार आहे. ते मला आवडत नाही, पण भाषा थांबते थोडीच."

"म्हणजे डोळे दिसायला पाहिजेत," गणेशकुमार म्हणाला.

"मुळात, होय."

त्यानं टंबळर खाली ठेवला आणि पहिल्यांदा विनुताकडे नीट पाहिलं. "तंगच्ची, सर किती छान समजावतात." तंगच्ची म्हणजे धाकटी बहीण. त्याच्या तोंडून ते ऐकताना तिच्या अंगावर काटा आला. "माझा भाऊ बांधावर गेला तेव्हा रामस्वामी कुठं उभा होता, ते तुम्हीच लिहिलंय ना? मग त्यानं माझ्या भावाचे डोळे कधी पाहिले?"

ती अप्पांच्या खुर्चीमागे जाऊन उभी राहिली.

तो उठला. दोन्ही हात जोडून अप्पांना नमस्कार केला. "सर रोज शिवगंगेच्या बागेकडे फिरायला जातात म्हणे. एकटेच. त्या रस्त्याला हल्ली गाड्या फार वेगानं जातात. जपा." आणि तो शांतपणे जिना उतरून गेला.

विनुतानं दार लावलं, कडी घातली, आणि खिडकीही लावून घेतली. मग तिनं अप्पांना सगळं सांगितलं. सांगता सांगता तिला रडू आलं. अप्पा डिक्शनरी मिटायची विसरले.

"मी त्याला कॉफी दिली," ते म्हणाले.

"तुमास काय ठाऊक."

"पोलिसांत जाऊ."

"जाऊ. पण अप्पा..." ती थांबली. तिला स्वतःचीच लाज वाटत होती. तो धमकी द्यायला आला होता, पण त्याचा प्रश्न तिच्या डोक्यातून जात नव्हता. तिनं लॅपटॉप उघडून स्वतःचंच भाषांतर काढलं. रामस्वामी पंपाच्या खोलीपाशी उभा होता. मणी त्याच्यासमोरून पाटाच्या दिशेनं गेला. 'मला त्याची पाठ दिसली,' असं रामस्वामी पुढच्याच वाक्यात म्हणत होता. आपण हे वाक्यही लिहिलं आणि ते आपल्याला दिसलं कसं नाही, हे तिला कळेना.

तिनं मूळ साक्षीची झेरॉक्स मोठी करून पाहिली. तमिळमध्ये एकाराची खूण अक्षराच्या आधी येते. इथं 'व'च्या आधी एक काळा ठिपका होता आणि तिनं तो एकार धरला होता. त्यामुळे शब्द आवेसमाक झाला होता. पण तो ठिपका नुसता डाग असला तर? मग 'स'च्या पुढचा जो तिनं चुकून पडलेला काना समजून सोडून दिला होता तो 'र' असू शकत होता. सुरुवातीचा 'आ' नुसता 'अ' असू शकत होता. मग शब्द होत होता अवसरमाक.

तमिळमध्ये अवसरम् म्हणजे घाई. मणी हातात फावडं घेऊन घाईनं आला.

आधीची भीती बाहेरच्या माणसाची होती. ही वेगळी होती. झेरॉक्स अस्पष्ट होती, नक्की सांगता येत नव्हतं. कोर्टाच्या शिक्क्याची चांगली नक्कल वकीलबाईंकडे होती.

शनिवारी सकाळी अप्पांना शेजारच्या घरी बसवून ती रिक्षा करून वकीलबाईंच्या ऑफिसात गेली. वाटेत तीनदा मागं वळून पाहिलं. ऑफिसात एक बाई कोपऱ्यातल्या खुर्चीत बसली होती, मांडीवर कापडी पिशवी धरून. पस्तिशीची असेल. वकीलबाईंनी ओळख करून दिली तेव्हा कळलं, ती भुवना.

विनुतानं नक्कल मागितली, खिडकीपाशी नेली. डाग म्हणजे कागद टाचलेल्या पिनेचा गंज होता. शिक्क्याच्या नकलेत तो तांबूस दिसत होता आणि शाई काळी. त्याखाली काही नव्हतं. 'र' स्वच्छ होता.

"मी चूक केली," ती म्हणाली. "आवेशानं नाही. घाईनं, असं आहे."

वकीलबाईंनी कागद घेतला, पाहिला, परत ठेवला. "हे आज कसं सुचलं तुम्हाला?"

विनुतानं फोन, मोटरसायकल, काल दुपारची कॉफी, अप्पांच्या फिरण्यावरचं बोलणं, सगळं सांगितलं. वकीलबाईंचा चेहरा बदलला.

"बसा. हे तर फार उपयोगाचं आहे," त्या म्हणाल्या. "साक्षीदाराला नाही तर निदान भाषांतर करणारीला धमकावलं. हे मी सोमवारी कोर्टापुढे ठेवते. जामीन मिळणार नाही. पण मग तो शब्द आहे तसा राहू द्या. धमकी आली आणि शब्द बदलला, याचा अर्थ जगात एकच निघतो. तुम्ही घाबरलात."

"मी घाबरलेच आहे," विनुता म्हणाली. "पण तिथं घाईनं असंच लिहिलंय."

"घाईनं माणूस कशासाठीही येतो. बांध फुटला म्हणून येतो. हेच ते म्हणणार."

"असेल."

कोपऱ्यातून भुवना बोलली. आतापर्यंत ती दोघींच्या तोंडांकडे आळीपाळीनं पाहत होती. "म्हणजे तो सुटणार?"

"मला माहीत नाही," विनुता म्हणाली.

"आमची दारं समोरासमोर आहेत," भुवना म्हणाली. "तो अटकेत आहे म्हणून मी सकाळी दार उघडते. तो घरी आला तर मी पाणी भरायला कशी जाऊ? माझी मुलगी शाळेला कशी जाईल?" तिचा आवाज चढला नाही. ती खरोखरच विचारत होती. कालपासून आपण ज्या भीतीनं कापतोय ती ही बाई जूनपासून घेऊन बसलीय, एवढं तिला दिसलं. आणि आपण आता तिला त्याहून वाईट काही देणार आहोत, हेही दिसलं.

एक क्षण तिला वाटलं, राहू द्यावा शब्द. कोणाला कळणार आहे? मणीनं मारलं हे तर खरंच आहे. मग तिला आपली सही आठवली, मुळाबरहुकूम. आणि रामस्वामी, ज्यानं जे पाहिलं तेवढंच सांगितलं होतं. पाठ आणि घाई.

"मी दोन्ही लिहून देते," ती शेवटी म्हणाली. "एकाच कागदावर. शब्द चुकला तो कसा चुकला, आणि मला कोणी, कधी, काय धमकी दिली. एक ठेवून दुसरं काढू नका. काढलंत तर मी स्वतः मदुराईला येऊन सांगेन."

वकीलबाई बऱ्याच नाराज झाल्या. पण त्यांनी टायपिस्टला बोलावलं. कागद तयार व्हायला दोन तास लागले. दोन्ही गोष्टी त्यात आहेत ना, हे दोनदा वाचून मगच विनुतानं सही केली. संध्याकाळी ती आणि अप्पा पोलीस चौकीत जाऊन तक्रारही देऊन आले.

रविवारी सकाळी दूध आणायला ती खाली उतरली तर गणेशकुमार गल्लीच्या तोंडाशी उभा होता. आजूबाजूला लोक होते. भाजीची गाडी होती, रांगोळी काढणाऱ्या बाया होत्या. तरी तिचे पाय जागीच थांबले. त्याच्या हातात तिरुवैयारुच्या अशोका हलव्याचं पुडकं होतं.

"आमच्या वकिलांना काल निरोप मिळाला," तो म्हणाला. त्याचा चेहरा खुलला होता. "शब्द बदलला म्हणून. तंगच्ची समजूतदार आहे हे मी घरी सांगितलंच होतं. हे सरांसाठी."

निरोप अर्धाच पोचला होता. त्याला उरलेलं ठाऊक नव्हतं. आत्ता गप्प राहिलं, पुडकं घेतलं, तर निदान आजचा दिवस निघेल, असा विचार तिच्या मनात आला. आणि पुढल्या वेळी कोणाच्या तरी कागदातला एखादा बरोबर शब्द बदलून घ्यायला तो पुन्हा येईल, हाही आला.

"मी तुमच्यासाठी बदललेला नाही," ती म्हणाली. "तो चुकीचा होता म्हणून बदलला. आणि त्याच कागदात तुमचं नाव आहे. तुम्ही फोन केलेत, घरी आलात, माझ्या वडिलांबद्दल काय बोललात, सगळं. पोलिसांतही दिलंय."

ती त्याच्या चेहऱ्याकडे पाहत नव्हती, तिला ते जमत नव्हतं. ती हलव्याच्या पुडक्याभोवतीच्या त्याच्या बोटांकडे पाहत होती. बोटं आवळली गेली, कागद चुरगळला.

"वडील इतके शिकलेले असून तुम्हाला अक्कल कमी," तो हळू म्हणाला.

रांगोळी काढणारी एक बाई उठून उभी राहिली. "काय झालं, विनुता?" तिनं तमिळमध्ये विचारलं. आणखी दोघी वळल्या. गणेशकुमारनं त्यांच्याकडे पाहिलं, पुडकं तसंच हातात घेऊन मोटरसायकलकडे गेला. विनुता दूध न घेताच वर आली आणि दाराला पाठ लावून जमिनीवर बसली.

सोमवारी मणीला जामीन मिळाला. पण कोर्टानं धमकीची दखल घेतली. खटला संपेपर्यंत मणीनं गावात पाऊल टाकायचं नाही, तिरुच्चीत राहायचं, रोज तिथल्या चौकीत हजेरी लावायची. गणेशकुमारला पोलिसांनी बोलावून घेतलं, त्याच्यावर गुन्हा नोंदवला आणि दोन दिवसांनी सोडलं.

सुब्रमण्यमनी विनुताला कामावरून काढलं नाही. पण कोर्टाचे कागद तिच्या टेबलावर येणं बंद झालं. ती जन्मदाखले आणि कॉलेजच्या गुणपत्रिका करते. अप्पा आता बागेकडे जात नाहीत, गच्चीवर फेऱ्या मारतात. ते कुरकुर करत नाहीत, आणि त्याचंच तिला जास्त वाईट वाटतं. रस्त्यात मोटरसायकलचा आवाज मागून आला की ती अजून भिंतीकडे सरकते.

महिन्याभरानं भुवनाचा फोन आला. विनुतानं नाव ऐकलं आणि ती खुर्चीत ताठ बसली. शिव्या येतील असं तिला वाटलं.

"तो तिरुच्चीला आहे," भुवना म्हणाली. "पण भाऊ समोरच असतो. दारात बसतो. काही बोलत नाही."

"तुम्ही चौकीत सांगितलंत का?"

"सांगितलं. एक पोलीस येऊन जातो अधूनमधून." मग ती म्हणाली, "मी तुमच्यावर फार रागावले होते. अजून आहे थोडी. पण आता खटल्याचे कागद येतील. बरेचसे इंग्रजीत असतील. मला कोणीतरी वाचून सांगायला पाहिजे. वकीलबाई सगळं चांगलंच चाललंय म्हणतात, तर मला भीती वाटते. तुम्ही सांगाल का, आहे तसं?"

विनुतानं दाराकडे पाहिलं. कडी लावलेली होती. पुन्हा त्याच प्रकरणाला हात लावायचा होता. फोनच्या पलीकडे भुवना वाट पाहत होती, तिचा श्वास ऐकू येत होता.

"शनिवारी या," विनुता म्हणाली. "दुकानात नको, घरी या. दिवसाउजेडी या, आणि मुलीलाही घेऊन या."